उपवासाचं ताट

१० फेब्रुवारी, सोमवार

राजसरांनी आज आम्हा सहाजणींना एकेक डायरी दिली. म्हणाले, "टॅबमध्ये मावत नाही ते यात लिहा. मी वाचणार नाही." वाचणार नाही म्हणाले म्हणून लिहिते, नाहीतर मला कुठली हौस.

नोकरी अशी आहे. गंगापूर रोडवरच्या आमच्या टीचभर संस्थेने जिल्ह्यातली दोनशे चाळीस घरं निवडली आहेत. वर्षभर, दर दोन-तीन महिन्यांनी, त्याच त्या घरांत जायचं. मागच्या सात दिवसांत घरात काय शिजलं आणि किती, ते किलो-ग्रॅममध्ये लिहायचं. टॅब त्याचे उष्मांक करतो, घरातल्या माणसांनी भागतो आणि एक आकडा देतो. आकडा रेषेखाली असला तर घर लाल, वर असला तर हिरवं. लाल घराला एक ट्रस्ट दर महिन्याला कोरडा शिधा देतो. लागोपाठ दोन फेऱ्या घर हिरवं आलं की शिधा बंद आणि तो वाट पाहणाऱ्या दुसऱ्या घराला. एकाच घरात परत परत कशाला जायचं, असं मी विचारलं तर राजसर म्हणाले, "एकदा डोकावून काय कळतं? दूध तापतंय की नासतंय ते थांबून बघावं लागतं."

माझं पहिलं घर एकलहऱ्याच्या पलीकडे. गोटीराम वीटभट्टीवर गाड्या भरतो, त्याची बायको सुवर्णा लोकांच्या मळ्यात फुलं तोडायला जाते, मुलगी ईश्वरी आठ वर्षांची. आणि गोटीरामची आई मालनबाई. साठी ओलांडलेली, ताठ बाई. रेशनचं धान्य वीस तारखेपर्यंत पुरतं म्हणाली, पुढचं रामभरोसे. शेजारची सरुबाई दारात उभी राहून सगळं ऐकत होती. तिला जा म्हणायची माझी छाती झाली नाही.

"सात दिवसांत कुणाचं जेवण चुकलं का?" असा एक प्रश्न असतो. मालनबाईंनी सरुबाईकडे एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, "चुकतंय कशाला? माझा सोमवार असतो अन् शनिवार. तेवढंच."

जेवण चुकण्याची कारणं तीन. एक, घरात अन्न नव्हतं. दोन, आजारपण. तीन, व्रत किंवा उपवास. तीन टाकलं की ते उपाशी राहण्यात धरत नाहीत, माणूस आपखुशीने राहिला ना. पण मग टॅब लगेच विचारतो, फराळाला काय घेतलं, किती ग्रॅम. मालनबाई म्हणाल्या, "घेतलं काहीबाही." काहीबाहीचे ग्रॅम कसे करणार? चौकट तांबडी झाली, फॉर्म बंद होईना. शेवटी अंदाजे ठोकलं.

घर लाल. शिधा मिळणार. बरं वाटलं.

२४ फेब्रुवारी, सोमवार

तांबड्या चौकटीवर उपाय सापडला आणि तो मीच शोधला.

आज आईची एकादशी. एकादशी नि दुप्पट खाशी ही म्हण माझ्या आईला बघूनच कुणीतरी काढली असणार. साबुदाण्याची खिचडी, वर दही, बटाट्याची भाजी, केळं, संध्याकाळी वऱ्याचे तांदूळ आणि दाण्याची आमटी. डॉक्टरांनी साखर सांभाळा सांगितलंय, तर म्हणते देवाच्या कामात डॉक्टर कशाला. मी स्वयंपाकघरातला वजनकाटा काढला आणि तिचं ताट पदार्थागणिक मोजलं. आई म्हणाली, "खातेय मी आणि घाम तुला फुटलाय."

साबुदाणा इतका, दाणे इतके, तूप इतकं. एका उपवासाच्या दिवसाचं ठरलेलं ताट तयार झालं. आता कुणी उपवास सांगितला की हे ताट भरायचं, चौकट तांबडी होत नाही.

३ मार्च, सोमवार

राजसर ताटावर खूश. म्हणाले, सगळ्याजणी वेगवेगळे अंदाज मारतात, त्यापेक्षा एकच माप बरं. टॅबमध्येच घातलं. उपवासाचे दिवस किती ते टाका, पुढचं आपोआप. बाकीच्या मुली त्याला "ज्योत्स्नाचं ताट" म्हणायला लागल्यात. सहा-आठ महिन्यांनी आमच्यातल्या एकीला कायम करणार आहेत. मी उगाच लाजले, पण आतून गुदगुल्या झाल्या. खोटं कशाला लिहू.

१७ एप्रिल, गुरुवार

एकलहऱ्याची दुसरी फेरी. गोटीरामचा गुडघा विटांच्या ढिगावरून घसरून दुखावलाय. दीड महिना घरीच. सुवर्णा एकटी कामावर जाते. वाटलं, आता हे घर आणखी खाली जाणार.

तर हिरवं आलं! मी दोनदा तपासलं. पीठ-तांदूळ कमी झालेत, डाळ अर्ध्यावर आलीय, पण मालनबाईंचे उपवास दोनाचे चार झालेत आणि फराळाने भरून काढलं. मुलाचा गुडघा बरा व्हावा म्हणून धरलेत म्हणाल्या. सोमवार, मंगळवार, शनिवार आणि चतुर्थी.

"आजच चतुर्थी," त्या म्हणाल्या. आईने तर काल चंद्र बघून उपवास सोडला. असेल, कुणी गावाकडचं पंचांग मानत असतील. देवाधर्मातलं मला फारसं कळत नाही.

मी गंमत केली, "मालनबाई, एकादशी दुप्पट खाशी होत नाही ना?" त्या हसल्या. सुवर्णा हसली नाही, ती ईश्वरीची वेणी घालत होती. सरुबाई मात्र दारातून खो खो हसली. मालनबाई तांब्याभर पाणी एका दमात प्यायल्या आणि पुन्हा भिंतीला टेकून बसल्या. उन्हाळा भयंकर आहे यंदा.

अहवालात मी एक ओळ टाकली : कमावता माणूस घरी बसूनही कुटुंब सावरले. राजसरांनी खाली रेघ मारली.

२२ एप्रिल, मंगळवार

आईला मालनबाईंबद्दल सांगितलं. वाटलं कौतुक करेल. ती म्हणाली, "आठवड्यात चार? आणि या उन्हात? फराळाचं सामान घरच्या जेवणापेक्षा महाग पडतं गं." मी म्हटलं, ट्रस्ट शेंगदाणे देतो. "आणि साबुदाणा?" ती म्हणाली. आईला प्रत्येक गोष्टीत खोट काढायची सवय आहे. मी उठून गेले.

२६ जून, गुरुवार

तिसरी फेरी. पुन्हा हिरवं, आणि मागच्यापेक्षा वर.

गोटीराम काठी घेऊन चालतो. भट्टी तर पावसाळ्यात बंदच. सुवर्णाला आठवड्यातून तीन दिवस काम. मालनबाईंचे उपवास पाच. चातुर्मास लागला की एकभुक्त राहणार म्हणाल्या.

आज मी जरा नेटाने विचारलं, कारण आईचं बोलणं डोक्यात होतं. "साबुदाण्याचा डबा दाखवता का?" सुवर्णाचा हात थांबला. मालनबाई म्हणाल्या, "कालच सरला बाई. आज गोटीराम आणील." फळीवर डबे ओळीने होते, घासून लखलखीत. दुसऱ्याच्या घरचे डबे उघडायचे नाहीत असं आम्हाला शिकवलंय आणि मला ते पटतं. माणसाची अब्रू असते.

ईश्वरी निघताना स्कूटीपर्यंत आली. म्हणाली, "आजीला उपास असला ना, की तिची भाकर मला मिळती." केवढी गोड. मी तिला एक चॉकलेट दिलं. तिने ते खाल्लं नाही, मुठीत धरून घरात पळाली.

३ जुलै, गुरुवार

नियम म्हणजे नियम. दोन फेऱ्या हिरव्या, तेव्हा शिधा बंद. ते सांगायला मलाच जायचं होतं. रस्ताभर शब्द जुळवत गेले.

सुवर्णा चूल सोडून उठली. "ताई, पन आमचं तर... " एवढंच म्हणाली. मालनबाईंनी तिच्याकडे पाहिलं आणि ती गप्प झाली. मग मालनबाई मला म्हणाल्या, "आमचं चांगलं झालं म्हन की! मिळू दे दुसऱ्या कुनाला. आमचं देव बघतो."

सरुबाईने विचारलं, "म्हंजी हे आता गरीब नाय?" मी म्हटलं, "कागदावर तरी नाहीत." मालनबाई ताठ बसल्या. मला त्यांचा अभिमान वाटला. आतापर्यंत शिधा बंद झाल्यावर मला शिव्यांची लाखोली वाहणारे लोकच जास्त भेटलेत.

तरी परतीच्या वाटेवर स्कूटी थांबवली. सुवर्णाचं ते अर्धं वाक्य. राजसरांना फोन केला. ते म्हणाले, "पाहणी चालूच राहणार आहे. घर खाली आलं तर पुन्हा देऊ. आकडा खोटं बोलत नाही." पटलं.

११ सप्टेंबर, गुरुवार

चौथी फेरी. घर खाली आलेलं नाही. मला सुटल्यासारखं झालं.

मालनबाईंचे उपवास आता सातही दिवस. चातुर्मास आहे. त्या बऱ्याच वाळल्यात, बांगड्या कोपरापर्यंत वर सरकतात. आवाजही खोल गेलाय. मी म्हटलं, एकदा दवाखान्यात दाखवा. त्या म्हणाल्या, "व्रतात असं व्हतं. कार्तिकीला सोडीन." मी येणार म्हणून चहा केला होता. दुधाचा. त्या घरात एरवी कोरा चहा असतो हे मला टॅबमुळे माहीत आहे. नको म्हणणं बरं दिसत नाही, म्हणून प्याले आणि दूध पाव लिटर लिहून घेतलं.

सुवर्णानेही गुरुवार धरलाय. शिवाय सोमवार. दोन्ही ताटं भरली.

एक गोष्ट विचित्र वाटली. ईश्वरी शाळेतून आली, दप्तर ठेवलं आणि फळीकडे न बघता थेट अंथरुणावर जाऊन निजली. आठ वर्षांचं पोर, शाळेतून आल्यावर खायला मागत नाही. मी विचारलं, बरं नाही का? मालनबाई म्हणाल्या, "शाळंत खिचडी असती नं, तिचं पोट भरतं." हो, ते आहेच. शाळेच्या जेवणाचा वेगळा रकाना आहे, तो मी भरायला विसरले होते. भरला. आकडा आणखी वर गेला.

१४ सप्टेंबर, रविवार

आईने आज आपणहून विचारलं, "ती तुझी उपवासवाली कशी आहे?" मी म्हटलं, रोजचा उपवास. तिने हातातली परडी खाली ठेवली. "पितृपंधरवडा चाललाय. आता घरोघरी सवाष्ण-ब्राह्मण जेवतात आणि ही रोज उपाशी? कुठल्या देवाचं गं हे?"

मी म्हटलं, आई, त्यांचं ते बघतील. तू तुझी साखर बघ.

रात्रभर ते मनात घोळणार आहे, माहीत आहे मला.

७ नोव्हेंबर, शुक्रवार

कायम झाले! पेढे वाटले. कुठले ते आईने सांगितलं, कारण तिला स्वस्तातले चालत नाहीत.

पुढच्या वर्षी हीच पाहणी आणखी तीन तालुक्यांत जाणार. राजसर ट्रस्टसमोर मांडायला एक घर निवडणार होते, दोनशे चाळीसमधलं सगळ्यांत चांगलं. मी एकलहऱ्याचं सुचवलं. चारही फेऱ्यांचा आलेख काढला. लाल ठिपका, मग हिरवे, चढत गेलेले. गुडघा दुखावला, भट्टी थांबली, शिधा बंद झाला आणि रेघ वरच चाललीय. राजसर पडद्याकडे बराच वेळ बघत राहिले. म्हणाले, "इतकी सरळ चढलेली रेघ मी कधी पाहिली नाही." मग, "धान्य दर फेरीला कमी होतंय ना इथे?" मी म्हटलं, फराळाने भरून निघतं. ते "हं" म्हणाले.

मालनबाईंना कार्तिकीनंतर जेवायला लागल्या का ते विचारायला फोन केला. उचलला नाही कुणी. मळ्यात असतील. पाचव्या फेरीला जायचंच आहे.

१५ डिसेंबर, सोमवार

नीट, क्रमाने लिहिते. नाहीतर लिहिता येणार नाही.

अकरा वाजता पोचले. ओसरीवर गोटीराम बसला होता, डोक्यावर केस नुकते उगवलेले. मला बघून उठायला लागला, गुडघ्यामुळे उठता येईना. सुवर्णाने आत बोलावलं. ईश्वरीही घरीच होती, शाळेत गेली नव्हती. मालनबाईंची जागा, भिंतीजवळची, मोकळी होती.

"सहा तारखेला गेल्या," सुवर्णा म्हणाली. "मागच्या म्हैन्यात. कार्तिकी झाल्यावर चार दिवसांनी."

काय झालं होतं, मी विचारलं. "काय नाय. अशक्तपना. सकाळी उठल्याच नाय."

सहा तारीख. सात तारखेला मी पेढे वाटले.

मला रडू येत होतं आणि हातात टॅब होता. हात आपोआप चालला. सदस्य संख्या बदलली का? हो. कारण, मृत्यू. चाराचे तीन झाले. टॅबने भागाकार केला आणि आकडा वर चढवला. वर्षातला सगळ्यांत मोठा. हिरवा.

पुढचा प्रश्न आला तेव्हा मला तो वाचता येईना, पण पाठ आहे. "सात दिवसांत कुणाचं जेवण चुकलं का?"

सुवर्णा म्हणाली, "माझे पाच उपास."

आज सरुबाई दारात नव्हती. मी उठले आणि पहिल्यांदा त्या घराचं दार आतून लोटून घेतलं. "कोणाचे?" मी विचारलं. "कुठल्या देवाचे उपवास, सुवर्णा?"

 ती खालच्या आवाजात, जराही राग न करता बोलली. "ताई, आत्याबाई म्हनायच्या, लिहायला येनाऱ्या बाईला देवाचं नाव सांगायचं. त्याच्यावर कोन काय इचारीत नाय. सरुबाईसमोर घरात दाना नाय म्हनायचं का? शिधा बंद झाला तवा मी म्हनलं, खरं सांगून टाकू. तर म्हनल्या, आता कसं फिरवू? इतके म्हैने देवाचं नाव घेतलं, आता देवाला खोटं पाडू?"

"आणि फराळ?"

"कसला फराळ? पानी प्यायच्या. तुम्ही काय लिहीत व्हता ते आम्हाला काय माहीत?"

मी फळीवरचे डबे उघडले. न विचारता उघडले. पहिल्यात मीठ होतं. दुसऱ्यात ईश्वरीच्या रिबिनी. बाकीचे रिकामे. एकात जूनमधलं माझं चॉकलेट होतं, चांदीसकट. अर्धं खाल्लेलं आणि अर्धं पुन्हा नीट गुंडाळलेलं. "ते आजीचं होतं," ईश्वरी म्हणाली. "तिनं खाल्लंच नाय."

मग तिने मला विचारलं, "ताई, साबुदाना कसा लागतो?"

मला लाज वाटली. आजवर इतकी कधी वाटली नव्हती. मी माझ्या आईचं ताट मोजलं आणि ते वर्षभर या म्हातारीच्या पोटात घातलं. टॅबमध्ये तिने जितकं कमी खाल्लं तितकी ती श्रीमंत होत गेली.

कारणांमधलं तीन खोडून एक दाबलं. घरात अन्न नव्हतं. वर्षभरात पहिल्यांदा दाबलं ते. टॅबने विचारलं, मागील फेऱ्यांशी विसंगत, खात्री आहे? मी होय म्हटलं. त्याने मागच्या फेऱ्या मात्र उघडू दिल्या नाहीत.

डब्यातलं माझं जेवण तिथेच ठेवलं, नाक्यावरच्या दुकानातून पीठ, डाळ, तेल आणून दिलं. गोटीराम हात जोडायला लागला. मी पळून आले. दुसरा शब्द नाही.

घरी आईची एकादशी होती. खिचडीचा वास जिन्यापर्यंत येत होता. मी जेवले नाही. आईने कारण विचारलं तेव्हा सगळं सांगितलं. ती म्हणाली नाही की मी सांगत होते. म्हणाली असती तर बरं झालं असतं.

१६ डिसेंबर, मंगळवार

सकाळी आठला राजसरांच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. "अहवाल गेलाय ज्योत्स्ना," ते म्हणाले. "त्यात तुझ्या ताटाचं एक पान आहे." मग म्हणाले, "मलाही धान्याची रेघ दिसली होती. मी विचारलंही होतं." 

ताट वगळून सगळी घरं पुन्हा काढायला मी त्यांना लावली. दुपारपर्यंत मशीनने काढून दिली. वर्षभरात एकेचाळीस घरांचा शिधा बंद झालाय. ताट काढलं तर त्यातली तेहतीस घरं कधी लाल सोडून वर आलीच नव्हती. मी यादीत फक्त म्हातारी माणसं शोधली. सहा घरांत त्यांचे उपवास दर फेरीला वाढत सातवर गेलेत. कुठे श्रावण, कुठे नवस, एका ठिकाणी "असंच" असं लिहिलंय.

राजसर ट्रस्टला फोन करत होते, मी त्या सहा घरांना. चार घरांनी उचलला. माणसं आहेत. एका म्हातारबाबांना मी विचारलं, बाबा, आज जेवलात का, तर ते म्हणाले, "आज मंगळवार ना पोरी."

दोन घरांचे फोन लागत नाहीत. संध्याकाळी सहापर्यंत लावत होते. त्यातलं एक देवळ्याचं आहे, म्हातारी एकटीच राहते, माणसांनी भागायला दुसरं कुणीच नाही.

देवळ्याची पहिली गाडी उद्या सकाळी सव्वासहाला आहे. आई भाकऱ्या बांधून देतेय.